फोनवरचा नवरा

मेजावर चिकटपट्टीची फुली होती. लावली तेव्हा पांढरी होती. आता तिचा रंग सोया सॉस, कॉफी आणि माशाचं तेल मिळून जो काही होतो तो झाला होता, आणि दिविना तिचं एक टोक नखानं उचलत होती. उपटायला नव्हे, नुसतं उचलायचं आणि अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवायचं, जणू फुली आजारी आहे आणि ही तिची नाडी बघते आहे. नेस्तोर भाताकडे बघत होता, म्हणजे भाताकडे बघितल्यासारखं करून फुलीकडे. फोन नेमका त्या फुलीवर, केचपच्या बाटलीला टेकवून ठेवला की त्याचं डोकं, भाताचा कुकर आणि मागचं कॅलेंडर एवढा सगळा संसार चौकटीत मावायचा. कॅलेंडर दिविनाच्या हट्टापायी. तुझ्या मागे अजून कालचीच तारीख आहे हे मला दिसलं पाहिजे, म्हणायची, म्हणजे मी तुझ्या पुढे आहे हे तुझ्या लक्षात राहील…

फेब्रुवारीत ती फिलिपिन्सहून कॅनडाला आली त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "हे काय आहे?" आणि तो म्हणाला होता, "काही नाही, चिकटपट्टी." खरं उत्तर होतं: ही तू आहेस. इतकी वर्षं तू इथे राहत होतीस. पण समोर अंगात दोन स्वेटर घालून, पायांसकट उभ्या असलेल्या बाईला असं कसं सांगणार?

"अजून भात?" दिविनानं विचारलं.

"पुरे. थँक यू."

"मासा?"

"नको. छान झालाय. थँक यू."

एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात यापेक्षा जास्त सलगी असते. वेटर निदान पाणी देताना हवापाण्याबद्दल दोन शब्द बोलतो.

तो उठून कोट चढवू लागला तेव्हा ती म्हणाली, अगदी सहज, बशी पुसता पुसता, नेहमीच्या लाडाच्या नावानं हाक मारत, "तोतो, मी जरा घरी जाऊन येऊ का? उन्हाळ्यापर्यंत. नानायचा गुडघा दुखतोय. बहीण एकटीच करते तिचं. मी येत नसेन तर तिला कामाला बाई बघायला लागेल, म्हणून आज कळव म्हणाली."

कोटाची चेन अर्ध्यावर अडकली. हिवाळी कोटांना चेनी बसवणं हे नेस्तोरचं पोटापाण्याचं काम. तरी त्याची स्वतःची चेन अशा वेळी अडकायचीच.

"गुडघा," तो म्हणाला.

"गुडघा," ती म्हणाली.

"संध्याकाळी बोलू?"

"संध्याकाळी सांग."

जिना उतरताना त्याला कळलं होतं, आणि तिलाही कळलं असणारच, की गुडघ्याचा यात काहीही संबंध नाही. नानाय म्हणजे दिविनाची आई, आणि तिचा गुडघा तो तिला ओळखतो तेव्हापासून दुखतोय. नाच असला की थांबतो.

बसमध्ये काचेला आतून बर्फ धरलं होतं. नेस्तोरनं बोटानं एक भोक पाडलं आणि बाहेर काहीच बघितलं नाही. गेली… म्हणजे अजून गेली नाही, पण गेलीच समजायची. उन्हाळ्यापर्यंत म्हणतात आणि मग पावसाळा येतो, मग गावच्या जत्रेची फिएस्टा, मग नाताळात कोण निघतं? लोकांना काय सांगायचं? इतकी वर्षं लोकांनी विचारलं, "तुझ्या बायकोचं कुठवर आलं?" आणि हा सांगत राहिला, मेडिकल झालं, पोलिसांचा दाखला झाला, आता नुसता शिक्का… आता सांगायचं, शिक्का झाला, बायको आली, बघून परत गेली?

वाईट याचं, की मग सरकारचं पहिलं म्हणणंच खरं ठरलं असतं. पहिला अर्ज सरकारनं नाकारला होता. लग्न खरं वाटत नाही म्हणाले. का, तर फोटोत पाहुणे नाहीत, जेवणावळ नाही, भाजलेलं डुक्कर नाही. आमच्या गिम्बाल गावात लग्न आणि डुक्कर नाही? साहेबानं आमची माणसं पुष्कळ बघितलेली असावीत, त्याचा संशय शास्त्रशुद्ध होता. पण दिविनाच्या थोरल्या बहिणीचं लग्न त्याच वर्षी झालेलं, आणि एका वर्षात दोन बहिणी बोहल्यावर चढल्या की एकीचं नशीब दुसरी खाते, हे काय कुणाला सांगायला हवं? म्हणून नानायनं तोड काढली: लग्न करा, पण नशिबाला पत्ता लागू देऊ नका. सकाळी सहाला चर्चच्या मागच्या दारानं आत, सातला बाहेर, आठला नवरा-नवरी बाजारात खेकडे घेताहेत, जणू काही झालंच नाही. नशीब फसलं. त्याच्याबरोबर कॅनडाचं सरकारही फसलं.

दुसऱ्या अर्जाला त्यांनी पुरावा जोडला, आणि पुरावा काय, तर फोन. त्याची इथली रात्र म्हणजे तिची तिथली सकाळ. त्याची दुपारची सुट्टी म्हणजे तिची मध्यरात्र. दोघं एकत्र स्वयंपाक करायचे. तो कांदा चिरायचा आणि ती तिकडून ओरडायची, "बारीक रे! गुरांना घालायचाय का?" फोन चालू ठेवून झोपायचे. कधी कधी ती भांडायची. आमच्या इलोइलो प्रांताकडची माणसं भांडतानासुद्धा अंगाई म्हटल्यासारखं भांडतात. ती त्याला मूर्ख म्हणाली की त्याचे डोळे मिटायला लागायचे. एवढ्या सगळ्या गप्पांच्या नोंदी त्यांनी सरकारला पाठवल्या. सरकार बिचारं किती वाचणार? शेवटी मनिलात मुलाखतीला बोलावून बाईसाहेबांनी दिविनाला एकच अवघड प्रश्न विचारला, "रात्री झोपण्याआधी तुमचे यजमान शेवटचं काय करतात?" आणि दिविना म्हणाली, "मला चार्जिंगला लावतात."

बाईसाहेब हसल्या म्हणे, आणि काम झालं. ही गोष्ट गिम्बालमध्ये इतकी फिरली की दिविना विमानात बसण्याआधीच विनिपेगच्या कारखान्यात पोचली.

सरकारची खात्री पटली. मग, नेस्तोरला आठवलं, मी विमानतळावर उभा होतो, हातात तिच्यासाठी कोट, कोटाची चेन मी स्वतः दोनदा तपासलेली… आणि काचेच्या दारातून एक बाई आली, फोनवरच्यापेक्षा बुटकी, चालताना डावा खांदा किंचित पुढे टाकणारी. मी या बाईच्या गळ्यावरचा व्रण ओळखतो, तिचा कुठला दात कधी दुखला ते मला माहीत आहे. पण ती चालते कशी, हे मी विसरलो होतो. फोनवर माणसाला पाय नसतात. मी म्हणालो, "जेवलीस का?" ती म्हणाली, "विमानात दिलं." आणि मग आम्ही सामान आलं का ते बघत उभे राहिलो, फार काळजीपूर्वक.

त्यानंतर काही बिघडलं असंही नाही. बिघडायलासुद्धा थोडं बोलावं लागतं. ती फ्रिज उघडायच्या आधी विचारते. तो भांडी घासायला उठला की ती दचकते. आपला दिवस सांगायचा तर कुणाला? पूर्वी त्याचा दिवस तिच्या रात्री पोचायचा, दूरवरून आलेल्या पेटीसारखा, उघडून एकेक वस्तू बाहेर काढायची. आता दोघांची एकच सकाळ, एकच खिडकी, खिडकीत एकच बर्फाचा ढीग. "बर्फ आहे." "हो, आहे." संपला दिवस. सरकारला त्यानं सहीनिशी लिहून दिलं होतं की तीन वर्षं हिला अन्न, वस्त्र, निवारा यांत काही कमी पडू देणार नाही. बोलण्याबद्दल त्या कलमात काही नव्हतं. सरकार तरी कशाकशाचा विचार करणार?

"आले आले, नवरदेव आले!" मनांग पुरिता शेजारच्या मशीनवरून म्हणाली. मनांग म्हणजे थोरली बहीण; पुरिता कुणाचीच सख्खी बहीण नव्हती, पण अर्धा कारखाना तिला मनांग म्हणायचा आणि उरलेला अर्धा तिनंच आणलेला होता. नवरा, आई, दोन मुलगे, मग मुलग्यांच्या बायका… एकेकाला आणून तिनं शेवाळासारखं विनिपेगभर पसरवलं होतं. तिचा आणि इमिग्रेशन खात्याचा पत्रव्यवहार इतका जुना होता की त्यांच्या पत्राखालची सही बदलली की ती चौकशी करायची, "आधीचे साहेब बरे आहेत ना?"

"डोळे बघा याचे. अरे, थोडं झोपत जा! बायको कुठे पळून जात नाही आता."

नेस्तोरनं मशीनचा दिवा लावला. "तसं नाही, मनांग."

"मग कसं? आम्हाला सांग. आम्ही म्हाताऱ्या झालो, ऐकून तरी घेऊ."

पलीकडच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मनांग, त्याला विचार, रात्री चार्जिंगला लावतो का अजून!"

सगळ्या मशिनी एकदम थांबल्यासारख्या झाल्या आणि हसल्या. नेस्तोरही हसला, नवरदेवाला हसावंच लागतं. चेन, दोन टाके, उलट टाका, धागा तोड. चेन, दोन टाके… संध्याकाळी सांग. काय सांगणार? जाऊ नको म्हणावं, तर कशासाठी? गप्प बसून भात वाढायला? जा म्हणावं, तर ती म्हणेल, बरं. त्या 'बरं'ची त्याला फार भीती वाटली. फोनवरची दिविना कधी 'बरं' म्हणत नसे. फोनवरची दिविना म्हणायची, "तुझ्या डोक्यात नारळ भरलाय काय?"

दुपारच्या सुट्टीत तो डबा घेऊन नेहमीच्या जागी बसला, कापडाच्या गठ्ठ्यांमागे, जिथे पूर्वी रेंज चांगली यायची. मनांग पुरिता जाता जाता थांबली.

"काय रे, हल्ली फोन नाही? इतकी वर्षं या कोपऱ्यात तुझी कुजबुज ऐकत जेवलो आम्ही. आता अन्न पचत नाही."

"आता कशाला फोन, मनांग? ती आली ना."

"हं," मनांग म्हणाली आणि डब्यात डोकावली. "कादियोस? तुरीचे दाणे, फणस, डुक्कर… फणस कुठला हिला मिळाला?"

"डब्यातला."

"बरं, सांग तिला, छान वास येतोय." आणि गेली.

सांग तिला. त्यानं एक घास घेतला. छान होतं. घरी गेल्यावर म्हणेन, छान होतं, थँक यू… आणि त्या विचारानंच त्याचा अंगठा, त्याला न विचारता, खिशातल्या फोनवर जाऊन तिच्या नावावर पडला. सवय. या कोपऱ्यात, या वेळी, डावा हात डबा उघडतो आणि उजवा दिविनाला. लक्षात आलं तेव्हा घंटी वाजत होती, आणि बंद करेपर्यंत चौकटीत ती आलीसुद्धा.

तिच्या मागे त्याचंच कॅलेंडर होतं. कुकर होता. आणि ती… ती नेहमीसारखी, गळ्यापर्यंतच होती.

"तोतो!" ती म्हणाली, आणि आवाज तोच होता, तिकडचा. "बरं झालं केलास. ऐक, मला आधी बोलू दे. मी एकटी बसनं गेले होते काल, तुला सांगितलंच नाही. उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यापर्यंत! तिथे काय, नुसतं पांढरं, दोन झाडं आणि एक कुत्रा. ड्रायव्हर म्हणतो, आजी, कुठे जायचंय?"

"आजी?"

"आजी! दोन स्वेटर, त्यावर तुझा कोट, टोपी, मफलर. आतून कोण निघणार हे त्याला काय कळणार बिचाऱ्याला! मी म्हटलं, कॅनडातच राहायचंय, नेशील तिथे. त्यानं फुकट परत आणलं."

"अगं, मग घरी सांगितलं का नाहीस?"

"कुणाला?"

ती जवळ आली. चौकटीत तिचा एक डोळा आणि अर्धं कपाळ उरलं, गुपित सांगायचं असलं की ती अशीच जवळ यायची.

"तोतो, तुला एक सांगू? इथे एक माणूस राहतो."

"कसला माणूस?"

"तुझ्याचसारखा दिसतो. पण बोलत नाही रे. कादियोस केलं, फणसाचा डबा शोधत मी तीन दुकानं पालथी घातली, हा खातो आणि काय म्हणतो माहितीये? थँक यू."

"थँक यू?" नेस्तोरला खरोखर राग आला. "मूर्ख आहे."

"मी वेलकम म्हणते."

"तूही कमी नाहीस."

"मग काय म्हणू? मला वाटतं, ओरडले तर घाबरेल. आणि घोरतो! तू कधी घोरत नव्हतास."

"तुझ्या तिथे पंखा खडखडायचा, कोंबडे होते, तुला काय ऐकू येणार! ते जाऊ दे, माझं ऐक. माझ्याकडे एक बाई आलीये. काल तिनं मला विचारलं, आंघोळीला किती वेळ लावला तर चालेल?"

"असं विचारलं?" दिविनानं तोंडावर हात धरला. "देवा! मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तुम्हाला हवा तेवढा."

"तुम्हाला?"

"तोंडातून गेलं."

ती हसली. हसताना फोन घसरला, छत दिसलं, छतावरचा पाणी गळाल्याचा डाग दिसला, आणि कुठूनतरी तिचं हसू येत राहिलं. नेस्तोरही हसत होता, गठ्ठ्यांमागे, तुरीचा दाणा घशात अडकवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि त्याच्या बरगड्यांखाली इतके दिवस घट्ट वळलेलं काहीतरी सैल झालं, ओल्या कोटाची चेन एकदम वरपासून खालपर्यंत सुटते तसं. आहे. ती आहे. गेलेली नाही, बदललेली नाही, विमानात कुठे राहून गेलेली नाही… मी उगाच तिला त्या बाईत शोधत होतो.

छत सरकलं, ती पुन्हा आली. हसू ओसरलं की दोघं नेहमी थोडा वेळ गप्प राहायचे. ही गप्प बसण्याची जात वेगळी, हिला चव असते.

"नानायचा गुडघा कसा आहे?" त्यानं विचारलं.

"बरा आहे. काल लग्नात नाचली."

"मग?"

दिविना कॅमेऱ्याकडे नव्हे, खाली बघत होती, मेजावर कुठेतरी.

"मला वाटलं, मी तिथे गेले की तू फोन करशील."

कारखान्याची घंटा झाली. माणसं उठली, बाकं सरकली. नेस्तोरला काही बोलायचं होतं, मोठं, विमानतळावर बोलायला हवं होतं तेवढं मोठं. पण तोंडात भात होता.

"जा आता, मुकादम ओरडेल," ती म्हणाली. "तो माणूस संध्याकाळी घरी आला की मी त्याला विचारणारच आहे. बघू काय म्हणतो."

"त्यानं काय म्हणावं?"

"मला काय माहीत? तुझा माणूस आहे." आणि फोन ठेवला. निरोप कधी घेत नसत ते. झोपताना फोन चालूच असायचा, निरोपाची वेळच यायची नाही.

दुपारभर नेस्तोरनं चेनी बसवल्या आणि एकही उलटी बसवली नाही. मनांग पुरितानं दोनदा त्याच्याकडे बघितलं. "काय रे, गुणगुणतोयस?" "नाही, मनांग." "मशीन असेल मग," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मात्र सुटलेलं पुन्हा थोडं आवळलं. समेट झाला तो त्या दोघांचा, चौकटीतल्या. त्यांचं कधी बिनसलंच नव्हतं, त्यांना सरकारनंही मानलं. प्रश्न घरातल्यांचा होता, त्या दोन सभ्य माणसांचा, ज्यांची ओळख कुणी करून दिली नव्हती. आणि विचारणार ती बाई, उत्तर देणार तो माणूस. तो काय म्हणेल, नेस्तोरला खरोखरच ठाऊक नव्हतं. दारात त्यानं बूट काढले. आतून तळणीचा वास येत होता.

ती शेगडीपाशी पाठमोरी. तिनं वळून बघितलं, त्यानं बघितलं. आणि पुन्हा तेच: खोलीत एकदम फार जागा झाली.

"आलास?"

"आलो."

"बस. वाढते."

तो बसला. तिनं ताट ठेवलं, भात, वर मासा. आणि पदार्थ पुरेसे मांडून झाले, आता आणखी मांडायला काही उरलं नाही, तेव्हा हात स्वेटरला पुसत उभी राहिली.

"मग? काय ठरवलंस? बहिणीला कळवायचंय."

नेस्तोरनं मासा बघितला. थँ— इथपर्यंत जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. गिळलेलं दिसलं असावं.

"मासा जरा करपलाय," तो म्हणाला.

ती वाकून त्याच्या ताटात बघू लागली.

"करपलाय?" दिविना म्हणाली. आवाज वर चढला, चढताना वळला, गाण्यासारखा. "करपलाय! आले तेव्हापासून ती शेगडी समजून घेतेय मी. बटणावर काही लिहिलेलं नाही, सगळं पुसून गेलंय. इतकी वर्षं या शेगडीवर तू काय शिजवत होतास, मला रोज दाखवत होतास, पण कुठलं बटण कुठल्या बाजूला, ते कधी सांगितलंस? आणि म्हणे करपलाय. तुझ्या डोक्यात…"

ती थांबली. त्याच्याकडे बघत राहिली. तो खाली मान घालून खात होता, आणि त्याचे कान लाल झाले होते, आणि तो हसत नव्हता, निदान तोंडानं.

"काय रे?" ती म्हणाली, हळू.

"डावीकडचं मागच्याला," तो म्हणाला. "उजवीकडचं पुढच्याला. उलटं बसवलंय कुणीतरी."

तिनं स्वतःचं ताट उचललं. रोज ती समोर बसायची, जिथे बसलं की माणूस नीट चौकटीत येतो. आज खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. दोघं समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत जेवू लागले. तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं. फक्त कोपर लागत होतं, लोकरीचं, ऊबदार, घास घेताना हलणारं… हे फोनमध्ये कधी नव्हतं, यासाठी सवयच नव्हती, आणि यावर काय बोलतात तेही माहीत नव्हतं. ती विचारत नव्हती आता. विचारेल, प्रश्न काही उठून गेला नव्हता, बसला होता तिथेच, ताटापलीकडे. बहीण तिकडे वाट बघत असेल. तिकडे उद्याची सकाळ झाली असेल.

"कारखान्यात आज," नेस्तोर म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की दिवसभर ती तिथे नव्हती, तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही.

"हं?" कोपर थांबलं.

"थांब, घास गिळू दे. पहिल्यापासून सांगतो."